ओडेट शेवटी जगते की मरते? ‘स्वान लेक’च्या बदलत्या शेवटांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यात गाठून एक प्रश्न विचारला. त्यांनी ‘स्वान लेक’ हा बॅले दोनदा पाहिला होता, एकदा परदेशात थिएटरमध्ये आणि एकदा घरी संगणकावर. एका प्रयोगात नायिका मेली. दुसऱ्यात राजपुत्राने खलनायकाचा पाडाव केला आणि दोघं सुखाने एकत्र आली. संगीत तेच, हंसांचे पांढरे पोशाखही तेच. “मग यातली खरी गोष्ट कोणती?” असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोलून निघालो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

ज्यांनी हा बॅले पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी कथा थोडक्यात सांगतो. सिगफ्रीड नावाचा राजपुत्र आहे. वयात आला आहे आणि आईने लग्नाचा धोशा लावला आहे. रात्री शिकारीला तो एका सरोवराकाठी जातो. तिथे त्याला ओडेट भेटते. ती दिवसा हंस असते आणि रात्री माणूस. जिच्यावर कोणी अढळ प्रेम करेल तीच या संकटातून सुटेल. सिगफ्रीड शपथ घेतो. दुसऱ्या दिवशी राजवाड्यातल्या समारंभात रोथबार्ट नावाचा दुष्ट माणूस आपली मुलगी ओडील हिला घेऊन येतो. ती हुबेहूब ओडेटसारखी दिसते. राजपुत्र फसतो आणि तिलाच आपली वधू म्हणून निवडतो. शपथ मोडते. इथवर सगळ्या आवृत्त्या साधारण सारख्या आहेत. पुढे काय होतं, यावर मात्र गेली जवळजवळ दीडशे वर्षं एकमत झालेलं नाही.

असं का व्हावं? नाटकात संवाद छापलेले असतात. शेवट बदलायचा तर नाटककाराचे शब्द खोडावे लागतात आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं. बॅलेत शब्दच नाहीत. संगीत कागदावर राहतं, पण नाच एका नर्तकीकडून दुसरीकडे, गुरूकडून शिष्येकडे जात राहतो. कथा म्हणजे प्रेक्षकाच्या हातात दिलेल्या पुस्तिकेतली दोन-तीन पानं. ती पानं बदलली की कथा बदलली, वाद्यवृंदाला पत्ताही लागत नाही!

आता पहिला शेवट बघू. ४ मार्च १८७७, मॉस्कोचं बोल्शॉय थिएटर. संगीत चायकोव्स्कीचं, नृत्यरचना युलियुस राइझिंगर यांची. या मूळ कथेतली ओडेट आजच्या ओडेटपेक्षा बरीच वेगळी आहे. तिच्या जिवावर उठलेली आहे ती तिची सावत्र आई, एक चेटकीण, जी घुबडाच्या रूपात वावरते. ओडेटचा आजोबा तिला सांभाळतो. सरोवर त्याच्याच अश्रूंनी भरलेलं आहे. तिच्या डोक्यावर एक मुकुट आहे आणि तो असेपर्यंत सावत्र आई तिचं काही वाकडं करू शकत नाही. शेवटच्या अंकात सिगफ्रीड क्षमा मागायला येतो. ओडेट म्हणते की क्षमा करणं आता माझ्या हातात नाही. ती निरोप घेऊन निघते. आणि तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून राजपुत्र काय करतो? तिच्या डोक्यावरचा मुकुट हिसकावून वादळी पाण्यात भिरकावतो. ओडेट त्याच्या हातांत प्राण सोडते आणि लाटा दोघांनाही गिळतात.

म्हणजे पहिल्या शेवटात ओडेटचा जीव घेणारा खलनायक नाही, प्रियकर आहे. आधी त्याने शपथ मोडली आणि मग तिचं एकमेव संरक्षणही आपल्याच हाताने काढून घेतलं. चूक झाली, ती निस्तरता येत नाही, आणि निस्तरायला गेलो तर आणखी नुकसान होतं. फार कडू शेवट आहे हा. बॅले काही वर्षं चालला, पण त्याला नाव मिळालं नाही. १८८३ नंतर तो मॉस्कोच्या रंगमंचावरून उतरला.

चायकोव्स्की १८९३ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात सरोवराचा फक्त पहिला प्रवेश सादर झाला. नृत्यरचना लेव्ह इवानोव यांची होती. मग जानेवारी १८९५ मध्ये पूर्ण बॅले नव्याने उभा राहिला. राजवाड्यातले प्रवेश मारियस पेटिपा यांनी रचले, सरोवराचे इवानोव यांनी. पुढच्या बहुतेक आवृत्त्या या प्रयोगावर आधारलेल्या आहेत. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने ओडेट आणि ओडील या दोन्ही भूमिका केल्या. ओडीलच्या नाचात तिने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या, आणि त्या गिरक्या आजपर्यंत प्रत्येक ओडीलच्या मानगुटीवर बसलेल्या आहेत. गंमत म्हणजे तेव्हाची ओडील काळ्या कपड्यांत नव्हती. ‘काळा हंस’ ही ओळख तिला विसाव्या शतकात मिळाली.

या प्रयोगासाठी कथा नव्याने बेतली ती संगीतकाराचा भाऊ मोदेस्त चायकोव्स्की याने. सावत्र आई गेली, मुकुट गेला, आजोबा गेले. ओडेट आता रोथबार्टच्या जादूत सापडलेली एक असहाय मुलगी झाली. सरोवर आता तिच्या आईच्या अश्रूंचं. हे ती स्वतः हातवाऱ्यांनी सिगफ्रीडला सांगते: हे सरोवर, माझी आई, हे अश्रू. शेवटी ती त्याला क्षमा करते आणि मरण पत्करते. तोही तिच्या मागोमाग जीव देतो. या बलिदानाने रोथबार्टची शक्ती संपते आणि अखेरच्या दृश्यात दोघं परलोकात एकत्र दिसतात. चूक इथेही आहे, पण प्रायश्चित्ताची वाट उघडली. मृत्यू आहे, पण तो हरल्याचा मृत्यू नाही.

आता तिसरा शेवट. १९१७ मध्ये क्रांती झाली. झारचं थिएटर कामगारांच्या राज्यात आलं. या नव्या राज्यात परलोकाला जागा नव्हती. मग मेल्यानंतर एकत्र येणाऱ्या प्रेमिकांचं करायचं काय? १९२० मध्येच मॉस्कोत अलेक्सांद्र गोर्स्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांनी सुखान्त करून पाहिला. १९५० मध्ये लेनिनग्राडला कॉन्स्तांतिन सेर्गेयेव यांची आवृत्ती आली. तिच्यात सिगफ्रीड रोथबार्टशी झुंजतो आणि त्याचा पंख उपटून काढतो. रोथबार्ट तडफडून मरतो, पहाट होते, ओडेट कायमची माणूस होते. तुमच्या संगणकावर दिसला तो शेवट याच घराण्यातला. चूक झाली तरी लढा द्या, विजय इथेच, याच जगात मिळेल, असं हा शेवट सांगतो.

एक लहानशी गोष्ट मात्र हातातून निसटली. सोविएत आवृत्त्यांनी जुने हातवारे बहुतेक काढून टाकले आणि त्यांच्या जागी नाच घातला. दिसायला ते सुंदर झालं, पण ओडेट स्वतःची हकीकत स्वतः सांगत होती, ती जागा गेली. लंडनच्या प्रयोगांत ते हातवारे पुढेही दीर्घकाळ टिकले, कारण तिथे १९३४ मध्ये निकोलाय सेर्गेयेव यांनी मारिन्स्कीच्या जुन्या नोंदवह्यांवरून हा बॅले बसवला होता.

१९६९ मध्ये बोल्शॉयला युरी ग्रिगोरोविच नवी आवृत्ती बसवत होते. त्यांना शोकान्त हवा होता. सरकारी संस्कृती खात्याला तो नको होता. जिंकलं खातं, आणि बॅले सुखान्त झाला. ग्रिगोरोविच यांनी वाट पाहिली. २००१ मध्ये, म्हणजे सोविएत संघ संपून दहा वर्षं झाल्यावर, त्यांनी तोच बॅले पुन्हा हाती घेतला. या वेळी ओडेट मरते आणि राजपुत्र रंगमंचावर एकटा उरतो. एका नृत्यरचनाकाराला आपल्या गोष्टीचा शेवट आपल्याला हवा तसा करायला ३२ वर्षं लागली. लेन्यानीच्या ३२ गिरक्यांपेक्षा ही ३२ वर्षं मला अवघड वाटतात.

मधल्या काळात या बॅलेला आणखी एक अर्थ चिकटला. सोविएत नेता वारला की दूरदर्शनवरचे नेहमीचे कार्यक्रम थांबायचे आणि गंभीर संगीत किंवा बॅले लागायचा. १९ ऑगस्ट १९९१ ला गोर्बाचोव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला. रस्त्यावर रणगाडे आले आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा ‘स्वान लेक’. लोकांना खरी बातमी त्यातूनच कळली: काहीतरी मोठं घडतंय आणि ते आपल्याला सांगायचं नाहीये. मार्च २०२२ मध्ये ‘दोझ्द’ या स्वतंत्र रशियन वाहिनीला प्रक्षेपण थांबवावं लागलं, तेव्हा त्यांनी शेवटी काय दाखवलं? ‘स्वान लेक’मधल्या चिमुकल्या हंसांचा नाच. एकाही शब्दाची गरज पडली नाही. जे संगीत बातमी झाकायला वापरलं गेलं, तेच आता बातमी सांगत होतं.

मग खरा शेवट कोणता? काही जण म्हणतात, संगीताला विचारा. विचारून बघू. हंसांची ती प्रसिद्ध धून बी मायनरमध्ये आहे, उदास. अखेरच्या प्रवेशात ती पूर्ण ताकदीने येते आणि शेवट बी मेजरमध्ये, उजळ स्वरांत होतो. आता हा उजेड परलोकाचा की पहाटेचा? की दोघांना गिळून शांत झालेल्या पाण्यावरचा? पहिल्या प्रयोगातही हेच स्वर होते आणि तिथे तर दोघंही बुडाली होती. संगीत साक्ष देतं, निकाल देत नाही.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर असं. सगळ्यात जुना शेवट १८७७ चा, सगळ्यात प्रभावी १८९५ चा. पण पुढच्या वेळी ‘स्वान लेक’ बघाल तेव्हा ओडेट जगते की मरते एवढंच बघू नका. तिने क्षमा केली का, ते बघा. निर्णय तिचा होता की राजपुत्राचा, ते बघा. आणि पडदा पडल्यावर स्वतःला विचारा, हा शेवट कोणाला हवा होता? प्रत्येक काळाने मोडलेल्या शपथेचं काय करायचं, हे त्या सरोवराकाठी ठरवलं आहे. एकाने बुडवून टाकलं, एकाने माफ केलं, एकाने लढून जिंकलं. आपण काय केलं असतं, हा प्रश्न मात्र प्रेक्षकाच्या वाट्याला शिल्लक राहतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि जिन्यात गाठण्यापेक्षा इथेच विचारलेत तर बरं!