तुरुंगातल्या पत्रापासून मोबाइलमधल्या मेलपर्यंत

आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत, पण सुरुवात आमच्या बचत गटापासून करतो. दिवाळीच्या आधी गटाच्या मेलवर बँकेच्या नावाने निरोप आला. 'केवायसी अपुरे आहे. २४ तासांत खालच्या लिंकवर माहिती भरा, नाहीतर खाते बंद होईल.' आमच्या सचिव ताई घाबरल्या. पासवर्ड भरला, ओटीपी भरला, आणि सहा हजार गेले. दुसऱ्या दिवशी 'गेलेले पैसे परत मिळवा' असा आणखी एक मेल आला. ताईंनी कोणाला न सांगता तोही भरला आणि आणखी बारा हजार गेले. चार दिवस त्या गप्प होत्या. "मी शिकलेली बाई, लोक काय म्हणतील?" एवढाच विचार.

आम्ही त्यांना सांगितले, ताई, ही फसवणूक दोनशे वर्षांची जुनी आहे आणि तिला चांगली शहाणी माणसे बळी पडली आहेत.

फ्रान्समध्ये विदोक नावाचा माणूस होता. आधी गुन्हेगार, मग पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. त्याने १८३०च्या दशकात चोरांच्या युक्त्यांवर पुस्तक लिहिले. त्यात तुरुंगातले कैदी श्रीमंतांना कशी पत्रे धाडत, ते आहे. 'क्रांतीच्या धामधुमीत माझ्या मालकाची दागिन्यांची पेटी लपवावी लागली. मी आता अडकलोय. थोडे पैसे पाठवा, पेटीतला वाटा देतो.' शंभर पत्रांपैकी विसांना उत्तर येई, असे विदोक लिहितो.

पुढे हीच युक्ती 'स्पॅनिश कैदी' या नावाने गाजली. स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकला आहे, त्याला सोडवायला मदत करा, पण कुठे बोलू नका, असे ते पत्र. एकदा पैसे गेले की नवी अडचण निघे आणि पुन्हा पैसे मागत. १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही या फसवणुकीबद्दल छापले होते. आमच्या ताईंना आलेला दुसरा मेल आठवा. चाल तीच.

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पहिला मेल पाठवला. चोरांना पोस्टाच्या तिकिटाचाही खर्च उरला नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात 'अमेरिका ऑनलाइन' या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना निरोप येऊ लागले, 'आम्ही कंपनीची माणसे, खाते तपासायचे आहे, पासवर्ड कळवा.' गळ टाकून मासा पकडावा तसे हे, म्हणून नाव पडले फिशिंग. शेवटी कंपनीला सूचना लावावी लागली, की आमचा कोणताही कर्मचारी पासवर्ड विचारणार नाही.

आपल्याकडे २००५ मध्ये नॅसकॉम या संस्थेच्या नावाने खोटे मेल पाठवल्याच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने फिशिंग बेकायदा ठरवले. तेव्हा त्यासाठी वेगळे कलम नव्हते. २००८च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-ड कलम आले. संगणक वा मोबाइल वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

मग खोटा मेल ओळखायचा कसा? वर दिसणाऱ्या नावावर जाऊ नका, ते कोणालाही टाकता येते. त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि 'ॲट'च्या चिन्हापुढचा भाग शेवटापासून उलटा वाचा. इंग्रजी आर आणि एन जवळ ठेवले की एमसारखे दिसतात, हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितले होते, तेही तपासा. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह आहे म्हणून साइट खरी ठरत नाही. ते चोरांच्या साइटवरही असते. सर्वांत सोपे म्हणजे मेलमधली लिंक दाबूच नका. बँकेत जा, किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करा.

आणि फसलोच तर? लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाने ठरवले होते, की आपल्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल, ते बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

ताईंचे अठरा हजार परत आले नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्या बोलल्या असत्या, तर बारा हजार नक्की वाचले असते. ते कैदी पत्रात 'कोणाला सांगू नका' असे का लिहीत, हे आम्हाला तेव्हा कळले. आता गटाच्या दर बैठकीत दहा मिनिटे राखून ठेवली आहेत. ज्या बाईला असा मेल आला असेल, तिने तो सर्वांसमोर वाचायचा. पहिला मेल ताईंनीच वाचला. तुमच्या गटातही वाचा. हसू आले तर हसा, पण जी फसली तिला हसू नका.