२.० की २.४? टोयोटा जीआर८६ च्या मोठ्या इंजिनाचा वाद

स्पोर्ट्स कारची नवी पिढी येणार म्हटलं की चाहत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन मोठं होणार का? टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांच्याबाबत हा वाद जवळपास दहा वर्षं चालला. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत २ लिटरचं, टर्बो नसलेलं, चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन होतं. बॉक्सर म्हणजे पिस्टन वर-खाली न होता आडवे, समोरासमोर हलतात. जपानी मॉडेलची ताकद २०० पीएस. "गाडी वळते भारी, पण दम नाही" ही तक्रार सुरुवातीपासूनच होती. एका गटाला टर्बो हवा होता, दुसऱ्याला मोठं इंजिन. तिसरा गट म्हणायचा, काही बदलू नका, कमी ताकदीची हलकी गाडी पूर्ण पिळून चालवण्यातच खरी मजा आहे.

२०२१ मध्ये दुसरी पिढी आली. टोयोटाने नाव जीआर८६ केलं, इंजिन २.४ लिटर, ताकद २३५ पीएस, आणि टर्बो नाहीच. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली जात नाही आणि मी ती चालवलेली नाही, हे आधीच सांगतो. पण आकडे उघड आहेत, आणि ते नीट पाहिले तर वाटतं की बरेच जण चुकीच्या आकड्यावर भांडत होते.

आधी बघू इंजिन मोठं केलं म्हणजे काय केलं. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन जेवढा सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. जुन्या इंजिनात दोन्ही ८६ मिमी होते. नव्यात बोअर ९४ मिमी झाला, स्ट्रोक मात्र ८६ च राहिला. दहावीचं सूत्र लावा: π/४ × ९४² × ८६ × ४ सिलिंडर, उत्तर येतं २,३८७ सीसी. जुन्याचं येतं १,९९८.

स्ट्रोक न वाढवण्याचे दोन फायदे झाले. बॉक्सर इंजिनात स्ट्रोक आडवा असतो, त्यामुळे तो वाढवला की इंजिनाची रुंदी वाढायला लागते, आणि बॉनेटखाली चेसिसच्या दोन बाजूंमध्ये जागा मोजकीच असते. दुसरं, पिस्टनचा वेग स्ट्रोकवर ठरतो. ७,००० आरपीएमला तो सरासरी सेकंदाला २० मीटर होता, आजही तेवढाच आहे. म्हणून मोठं इंजिन असूनही ते साधारण ७,५०० पर्यंत फिरतं. "मोठं इंजिन म्हणजे सुस्त इंजिन" ही तिसऱ्या गटाची भीती इथे खरी ठरली नाही.

आता मुख्य मुद्दा, टॉर्क. हे समजायला बाईक घ्या. केटीएम ड्यूक २०० ची ताकद साधारण २५ पीएस, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची साधारण २०. कागदावर ड्यूक पुढे. पण डबलसीट घाट चढताना क्लासिक वरच्या गिअरमध्येही ओढत राहते आणि ड्यूकला गिअर खाली टाकावा लागतो. कारण क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच मिळतो. ड्यूकचा साधारण १९, आणि तोही ८,००० च्या आसपास. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे इंजिन जोरात फिरवून ताकदीचा आकडा फुगवता येतो. रोजच्या वापरात कळतो तो मधला भाग.

पहिल्या ८६ चं दुखणं नेमकं तिथेच होतं. कमाल टॉर्क २०५ न्यूटन-मीटर, तो मिळायचा ६,४०० ला. शिवाय साधारण ३,५०० ते ४,५०० च्या दरम्यान टॉर्कच्या आलेखात खड्डा होता. ओव्हरटेकला पाय दाबावा आणि गाडीने विचार करत बसावं, असा प्रकार. कित्येक मालक एक्झॉस्टचे हेडर बदलून तो खड्डा बुजवायच्या मागे लागायचे. नव्या इंजिनात कमाल टॉर्क २५० आहे आणि तो ३,७०० लाच मिळतो. सूत्राने पाहिलं तर त्या ठिकाणी नवं इंजिन सुमारे १३२ पीएस देतं. जुन्याने तिथे आपला पूर्ण २०५ दिला असता तरी १०८ च भरले असते, आणि तिथे तर खड्डा होता. कमाल ताकद वाढली ३५ पीएस, पण ड्रायव्हरला जाणवतो तो हा मधला फरक. टोयोटाच्या आकड्यांनुसार ० ते १०० ची वेळ ७.४ सेकंदांवरून ६.३ वर आली. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. लोक बेंचमार्कचा सगळ्यात वरचा आकडा मिरवतात आणि वापरणारा भलत्याच ठिकाणी अडकलेला असतो.

मग टर्बो का नाही? सुबारूने याच २.४ लिटर घराण्याचं टर्बो इंजिन डब्ल्यूआरएक्समध्ये दिलंय. अमेरिकेत त्याची ताकद २७१ हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे ३५० न्यूटन-मीटर आणि तो २,००० पासूनच हजर. वाचून कुणालाही मोह होईल. पण टर्बोच्या दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवावं लागतं: तिथे १०.६, जीआर८६ मध्ये १२.५. शिवाय इंटरकूलर, पाइप आणि उष्णता, सगळं पुढच्या टोकाला. ८६ चं मोठेपण इंजिन खाली आणि वजन कमी असण्यात आहे. नवी गाडी १,२७० किलोच्या आसपास राहावी म्हणून छप्पर आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे केले. एवढं करून नाकावर टर्बोचं ओझं टाकण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मोठं इंजिन फुकट मात्र आलं नाही. जपानमध्ये गाडीचा वार्षिक कर सीसीवर ठरतो. दोन लिटरपर्यंत ३६,००० येन, त्यावर अडीच लिटरपर्यंत ४३,५००. जुनं इंजिन १,९९८ वर थांबलं होतं ते उगाच नाही. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्या १,१९७ आणि १,१९९ सीसीच्या का असतात, त्याचंही कारण असंच: १,२०० ची करमर्यादा.

तिसरी पिढी अजून आलेली नाही, पण वादाला नवं खाद्य आधीच मिळालंय. २०२२ मध्ये टोयोटाने जपानच्या सुपर ताइक्यू स्पर्धेत एक जीआर८६ उतरवली, कार्बन-न्यूट्रल इंधनावर चालणारी. इंजिन कुठलं, तर १.४ लिटर, तीन सिलिंडर आणि टर्बो. म्हणजे टर्बोवाले पुन्हा जोशात, आणि "तीन सिलिंडरचा आवाज ऐकवणार नाही" म्हणणारेही. असं इंजिन विक्रीच्या गाडीत खरंच आलं, तर मी कमाल ताकदीआधी दोन गोष्टी बघेन: ३,५०० ला टॉर्क किती, आणि पाय दाबल्यावर तो यायला किती वेळ लागतो.