गुणवत्ता एकट्याची नसते

“लेक्चर मोबाईलवर सगळ्यांना सारखेच मिळते. तरीही जो मागे पडतो, त्याच्यात जिद्दच नाही!” हा युक्तिवाद आपल्या मुलांना रोज ऐकवला जातो. तो किती पोकळ आहे, हे इतिहासच सांगतो.

१९७३ च्या सुमारास अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे काही अभियंते स्टॅनफर्ड विद्यापीठापासून दूर, सांता रोझा येथे काम करत होते. प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी त्यांना वर्गातील व्याख्यानांच्या व्हिडिओ टेप पाठवल्या. अट एकच होती : टेप एकट्याने पाहायची नाही. लहान गट करायचा, कुणालाही शंका आली की टेप थांबवायची, बोलायचे आणि मगच पुढे जायचे. चर्चा चालवणारा कुणी मोठा विद्वान नव्हता, तिथलाच एक अभियंता होता.

१९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्यांपेक्षा हे गट सरस ठरले. स्टॅनफर्डच्या प्रवेशाच्या कसोटीवर जे कमी पडले असते, त्यांनाही या पद्धतीचा मोठा लाभ झाला. मग ‘गुणवत्ता’ कुठे होती? प्रवेशाच्या गुणांत की त्या चर्चेत?

अर्थात, ते नोकरदार पदवीधर होते. पाया पक्का होता, शिकण्याचे कारणही समोर होते. ज्यांचा पाया कच्चा आहे, त्यांना पडद्यापुढे सोडले तर काय होते? २०१३ साली सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी कंपनीसोबत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवले. त्यात आधी गणितात नापास झालेले विद्यार्थीही होते. पहिल्या सत्राचा निकाल इतका वाईट लागला की जुलैत प्रयोग थांबवल्याचे जाहीर झाले. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला, पण तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते! म्हणजे पूर्वज्ञान असलेला तरला आणि श्रेय मिळाले ‘जिद्दी’ला.

आपल्या देशात हे पूर्वज्ञान जातीने वाटले गेले. ज्याच्या घरात चार पिढ्या पुस्तके आहेत, त्याला अडलेला शब्द आजोबा सांगतात. पहिल्या पिढीच्या मुलाने कुणाला विचारायचे? एकदा, दोनदा, दहादा अडले की जिद्दही संपते. जिद्द हा जन्मजात गुण नाही. समजू लागले की ती वाढते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे होती. शिकण्यासाठी जागा लागते, सोबती लागतो, हे त्यामागचे शहाणपण.

म्हणून मित्रांनो, बुद्धविहारात, वसतिगृहाच्या खोलीत दोघे-तिघे एकत्र बसा. एका मोबाईलवर लेक्चर लावा. अडले की थांबवा. ज्याला कळले त्याने समजावून सांगावे, ज्याला कळले नाही त्याने न लाजता विचारावे. आणि सरकारकडे केवळ टॅबलेट मागू नका. वसतिगृह, अभ्यासिका आणि शिक्षकही मागा.

जय भीम!