अरे-तुरे आणि वादविवाद

सोलापुरांत शुक्रवार पेठेंतील आमच्या घरीं दर रविवारीं सायंकाळीं सातआठ मंडळी चर्चेसाठीं जमतात. मागें एकदां एका तरुणानें एका वयोवृद्ध वकिलांस बोलण्याच्या भरांत "असं कसं बे?" असें विचारलें आणि वकीलसाहेब उठून चालते झाले. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारही भाषा जेथें कानीं पडतात, त्या या गांवीं 'बे' ही शिवी नव्हे. मित्र मित्रास ती सहज लावतो. वडील माणसास मात्र ती लावूं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु वकीलसाहेब उठले ते त्या एकाक्षरी शब्दामुळें, कीं प्रश्नास उत्तर सुचेना म्हणून, ही शंका आमच्या मनांतून जाईना.

शंका नवी नव्हे. जुन्या मोडी पत्रव्यवहारांत मायना वाचतांच लिहिणाराची पायरी कळे, मजकूर मागाहून. वर्तमानपत्रें निघाल्यावर कोण वाचील याचा नेम राहिला नाहीं, आणि मायन्याचा आधार सुटला. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरां'त १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांनीं 'लोकहितवादी' या नांवानें शंभरांवर पत्रें लिहिलीं. स्वजातीयांस त्यांनीं घरगुती भाषेंत जें खडसावलें, तें आजही वाचतांना झोंबतें. भाऊ स्वतः त्याच जातीचे. तरी तीं पत्रें ते छापीत राहिले. संपादकाची ही सोशिकता आम्हांस पत्रांहून कमी मोलाची वाटत नाहीं.

पुढें १८७४ सालीं 'निबंधमाला' निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्याचे आम्ही विद्यार्थिदशेपासून चाहते आहों. पण जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा त्यांनीं घेतलेला समाचार वाचतांना आम्हांस अवघडल्यासारखें होतें. १८७३ चें तें पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादरूपानें, बोलीच्या अंगानें लिहिलेलें. फुल्यांची लेखणीही कांहीं मऊ नव्हती, हें खरें. तथापि शास्त्रीबोवांनीं त्यांच्या व्याकरणाची व भाषेची जी यथेच्छ थट्टा केली, तींत मूळ आरोप दाराबाहेर तिष्ठत राहिला. निर्दोष मराठींत केलेला तो उपमर्द कोणत्याही 'अरे'हून आम्हांस जड वाटतो.

याच्या उलट १८८५ चें एक पत्र पाहावें. पुण्याच्या ग्रंथकार सभेस यावें असें न्यायमूर्ति रानड्यांनीं फुल्यांस लिहिलें. फुल्यांचें उत्तर रीतीप्रमाणें पत्र पावल्याच्या आनंदानें सुरू होतें आणि लगेच स्पष्ट नकारावर येतें: सर्वांस मनुष्याचे हक्क जे मनापासून देत नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमचा मेळ बसावयाचा नाहीं, असा त्याचा आशय. एवढें सुनावून शेवटीं लष्करी बाजारांत शोभेल अशा हिंदुस्थानींत म्हाताऱ्याचा सलाम, आणि सही करतांना दोस्तीचें नातें! आदर, रोष आणि सलगी एकाच कागदावर मावलीं. आज एखाद्या सभेच्या चिटणिसांस असें उत्तर आलें, तर तें इतिवृत्तांत घ्यावें कीं नाहीं यावरच दोन बैठकी खर्ची पडतील.

वकीलसाहेब तीन रविवार आले नाहींत. चवथ्या रविवारीं आले. तरुणानें उठून त्यांस जागा दिली, 'आपण' म्हणून संबोधलें, आणि तोच प्रश्न पुन्हां विचारला. उत्तर अद्याप यावयाचें आहे.