गिरणगावातला रविवार



रविवारची सुट्टी आपण ऊन-पावसाइतकी गृहीत धरतो. जणू ती पंचांगातच लिहून आली! पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळाली 10 जून 1890 रोजी, आणि ती मिळवण्यासाठी त्याला सहा वर्षे अर्ज, सभा आणि सह्या कराव्या लागल्या. मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट 1854 साली घातला गेला. म्हणजे बापापासून मुलापर्यंत एक अख्खी पिढी रविवारावाचून राबली.

त्या काळी बहुतेक गिरण्यांत दिव्याची सोय नव्हती. उजाडले की यंत्र सुरू आणि मावळले की बंद, असा सूर्याचा कारभार होता. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात थोडे कमी. सुट्ट्या मिळत त्या सणासुदीच्या, त्याही मालकाच्या मर्जीने. काही गिरण्या रविवारी यंत्र थांबवीत, पण ते यंत्राच्या साफसफाईसाठी. कामगाराला अर्धा दिवस पुसण्या-झाडण्यासाठी हजर राहावेच लागे. यंत्राला विश्रांती होती, माणसाला नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत स्टोअरकीपर होते. महात्मा फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक, आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा जायबंदी झाल्यास पोटाची तजवीज. यात पगारवाढीचा शब्द नाही. सर्वांत आधी मागितला तो वेळ. मी युनियनचे काम सुरू केले तेव्हा ही यादी प्रथम वाचली आणि बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. आम्ही मागण्यांचे खलिते लिहितो त्यात पहिले कलम महागाई भत्त्याचे असते.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. तिच्यात दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात शिकल्यासवरल्या घरातली बाई चारचौघांत बोलणे कठीण. या तर गिरणीत राबणाऱ्या. पुढे दीड महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षी, 1891 च्या फॅक्टरी कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली. सुट्टीचा वारही सोयीचा पडला. साहेबाचा तो देवळात जाण्याचा दिवस, आणि आमच्या माणसाचा खंडोबाचा वार. दोन्ही देव एकाच दिवशी प्रसन्न झाले म्हणायचे!

आता इतिहास इथे थांबतो. सुट्टी कशी मिळाली हे ग्रंथांत आहे. त्या दिवशी माणसाने केले काय, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते मी थोडे माझ्या घरावरून सांगतो. सत्तरच्या दशकातल्या लालबागमधली दहा बाय बाराची खोली, वडील साचेखात्यात, मूळ गाव साताऱ्याकडचे. ही कथा गिरणगावातल्या हजारो खोल्यांची आहे, म्हणूनच सांगण्याजोगी आहे.

गिरणी तीन पाळ्यांत चाले. वडील घरी असले की झोपलेले असत, आणि आम्हा भावंडांना ‘हळू बोला’ हे दोन शब्द पाठ झाले होते. रविवारी मात्र भोंगा नसे. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग, मग आईचा पाट्यावर वाटपाचा आवाज, शिकेकाईने डोकी धुणे, आणि दुपारी सगळे एका पंगतीला. दूरदर्शन 1972 साली मुंबईत आले, पण आमच्या मजल्यावर पेटी एकाच घरी होती. रविवारी संध्याकाळी सिनेमाला तिथे चपलांचा ढीग पडे. दुपारचे जेवण आणि सिनेमा यांच्या मधले चार तास हातकामाचे.

आई वाकळ शिवायला घेई. गॅलरीत सतरंजी अंथरायची, तिच्यावर जुन्या लुगड्यांचे थर, वर चौकोनी-तिकोनी तुकड्यांची मांडणी. तुकडे वडील आणीत. फेंट म्हणजे ठाणाचे उरलेले, डागाळलेले कापड वजनावर मिळे. धावदोरा कडेने सुरू होई आणि चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे जाई. शेजारच्या दोघीतिघी येऊन आपापली कड धरीत. कोणाचा टाका लहान, कोणाचा ढोबळ, हे पुढे दहा वर्षांनीही बोटाने ओळखता येई. शेवटचा तुकडा बसवण्यापूर्वी आई आत भाकरीचा चतकोर ठेवी. वाकळ उपाशी राहू नये म्हणे. पोटभर झालेली वाकळ चांगली ऊब देते, असे तिचे शास्त्र!

वडील या कामात बसत ते गाठी मारायला. साचेवाल्याची गाठ वेगळी असते. ती फणीतून अडकल्यावाचून निघून जावी लागते, म्हणून चपटी आणि बारीक. तुटलेला धागा ते डोळ्यांनी न पाहता चिमटीत जोडीत. त्यांच्या तरुणपणी धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या ओढीबरोबर कापसाची धूळ आणि खळ छातीत जाई. घरी आईला सुई ओवून देताना त्यांनी धागा कधी ओठांना लावला नाही. बोटानेच पीळ देत.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन रविवार मखराचे, दिवाळीच्या आधीचे कंदिलाचे. बांबूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने बांधायच्या, मैद्याची खळ शिजवायची, पतंगाचा कागद डकवायचा. आमच्या चाळीत फिटर होते, सुतारखात्यातले होते, रंगखात्यातले होते. आठवडाभर एकेकाने एकेक तुकडा काम केलेले. फिटरला कापड दिसत नसे आणि रंगवाल्याला यंत्र. मखर करताना मात्र वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत त्यांच्या हाताखालून जाई. मार्क्सने या विषयावर पुष्कळ लिहिले आहे, आणि मी ते मोठेपणी कष्टाने वाचले. पण कामातला आनंद आणि कामाचा ताण यांतला फरक मला प्रथम दिसला तो वडिलांच्या खांद्यांत. साच्यावर वाकलेले खांदे कंदील बांधताना मोकळे असत.

हे चित्र फार गोड होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रविवार पुरुषाला मिळाला. बाईला तो अर्धाच मिळाला. 1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार स्त्री होती, मुख्यतः वायंडिंग आणि रिलिंगमध्ये. पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळीला स्त्रियांना बंदी, बाळंतपणाचा भत्ता मालकाला जड वाटू लागला, आणि त्या गिरणीतून हळूहळू बाहेर पडल्या. बाहेर पडून त्या बसल्या नाहीत. त्यांनी खाणावळी चालवल्या. गावाकडून एकटे आलेले हजारो कामगार या बायांच्या हातचे जेवून जगले. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच बायांसाठी. त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आमच्याकडेही चार खानावळे होते. रविवारी दुपारी त्यांना मटणाचे जेवण आणि संध्याकाळी खाडा. तो संध्याकाळचा खाडा हाच आईचा साप्ताहिक विसावा. वाकळेचे टाके घालीत ती बसे, त्याला आम्ही तिची विश्रांती म्हणत असू. तीही तसेच म्हणे, म्हणून मी तो शब्द खोडत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाचा हिशेब आजच्या विषयात बसत नाही. त्यावर निराळे व्याख्यान होईल. मला सांगायचे आहे ते एवढेच की भोंगा बंद झाला आणि आठवड्याचे सातही दिवस रविवार झाले. पहिला महिना मुलांना सणासारखा वाटला. मग घरात कात्री, खळ, कागद आणि सुई हीच अवजारे पुन्हा निघाली. पण आता राख्या, तोरणे, कागदी फुले व्यापाऱ्याकडून डझनाच्या भावाने येऊ लागली. माल त्याचा, नमुना त्याचा, भाव त्याचा. दिवा, जागा आणि पाठदुखी आमची. खराब ठरलेला नग मोजणीतून बाद होई, आणि खराब कोण ठरवणार? तोच. वडिलांची ती बारीक गाठ राखीच्या दोऱ्याला उपयोगी पडली. त्या कामात ते एक शब्द बोलत नसत.

हातकामाची भाबडी स्तुती मला सोसत नाही ती यामुळे. हस्तकला सुंदर, घरगुती उद्योग सुंदर, असे म्हणणाऱ्याला मी विचारतो, भाव कोणी ठरवला आणि वेळ कोणाचा होता? तेच बोट, तीच सुई. एका रविवारी ती वाकळ होते आणि दुसऱ्या रविवारी ती वेठ होते. घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1996 साली करार केला, 177 क्रमांकाचा. त्यासाठी इलाबेन भट यांच्या ‘सेवा’ संघटनेने मोठी खटपट केली होती. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

आता आजच्या रविवाराकडे येतो. 1948 च्या मुंबई दुकाने कायद्याप्रमाणे प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे भाग होते. 2017 साली महाराष्ट्रात नवा कायदा आला. त्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. कामगाराची सुट्टी कायद्याने गेलेली नाही. आठवड्यातून सलग चोवीस तास त्याला मिळायचेच आहेत. फक्त ती पाळीपाळीने द्यावी. कागदावर यात काहीच हरवलेले नाही, आणि म्हणूनच मालकांशी बोलताना हा मुद्दा पटवणे कठीण जाते. गिरणी जिथे होती तिथल्या मॉलमध्ये काम करणारी एक मुलगी मला म्हणाली, “काका, माझी सुट्टी मंगळवारी, भावाची गुरुवारी, आई घरकामाला जाते तिला महिन्यातून दोन रविवार. आम्ही तिघे एकत्र जेवतो ते दिवाळीला.” सुट्ट्या तिन्ही आहेत; पंगत नाही.

हा प्रयोग पूर्वी एका मोठ्या देशाने करून पाहिला आहे, आणि तो मालकांच्या देशाने नव्हे. सोव्हिएत रशियाने 1929 साली यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून पाच दिवसांचा अखंड आठवडा सुरू केला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग, आणि रोज एका गटाला सुट्टी. माणसाला सुट्टी आधीपेक्षा लवकर मिळू लागली. पण नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा, मुले शाळेत, मित्र कारखान्यात. रिकाम्या घरी सुट्टी घेऊन करायचे काय, अशी तक्रार कामगारांतूनच उठली. 1931 साली सर्वांना एकच सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला, आणि 1940 साली सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आला. लाल बावट्याखाली वाढलेल्या माझ्यासारख्याने ही हकिगत लपवण्याचे कारण नाही. लोखंड्यांनी मागितलेल्या सुट्टीत ‘सर्वांना’ आणि ‘रविवारी’ असे दोन शब्द होते, आणि दोन्ही सारख्याच वजनाचे होते.

म्हणून आमच्या युनियनने यंदा दुकान-कामगारांच्या मागण्यांत एक नवे कलम घातले आहे: महिन्यातून किमान एक रविवार, आणि एका घरातली दोन माणसे एकाच आस्थापनेत असतील तर दोघांनाही तोच. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की रविवारी गिऱ्हाईक सर्वांत जास्त. ते खरेच आहे. गिऱ्हाइकालाही रविवारीच सुट्टी असते. आम्ही पाळीचा तक्ता करून दिला आहे, चार रविवारांत चौथा हिस्सा माणसे सुटतील असा. पहिल्या बैठकीत तो त्यांनी वाचला नाही, दुसऱ्या बैठकीत वाचला. तिसरी बैठक पुढच्या महिन्यात आहे. ती त्यांनी रविवारी ठेवली होती. वार बदलून घेतला आहे.