मातीची भिंत आणि क्रोमियमचा बायपास

आजचा भाग मातीवर. झोपू नका, यात विषही आहे.

तमिळनाडूत राणीपेट नावाचं गाव आहे, पालार नदीच्या खोऱ्यात. तिथला सोडियम क्रोमेट बनवणारा एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागे लाखाहून जास्त टन क्रोमियमचा कचरा उघड्यावर राहिला. पाऊस पडतो, पिवळं पाणी जमिनीत मुरतं, विहिरींकडे सरकतं. ढिगारा उचलायला पैसे आणि वर्षं लागतात. मग तोवर जमिनीखालचं पाणी अडवायचं कसं?

उत्तराची सुरुवात अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये होते. १८९८ साली विल्बर नाइट या भूवैज्ञानिकाने तिथल्या एका विचित्र मातीला 'बेंटोनाइट' नाव दिलं. पाणी लागलं की ही माती कित्येक पट फुगते. तिच्यातलं मुख्य खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत याच कुळातली खनिजं असतात. एप्रिलमध्ये विदर्भातल्या शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनमध्ये त्या मिटतात ना, तेच हे.

१९५० च्या आसपास इटलीत ख्रिस्तियान फेडर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने ही फुगणारी माती बांधकामात कामाला लावली. चर खणताना त्यात बेंटोनाइटचा पातळ राडा भरत जायचं. राड्याच्या दाबाने चराच्या बाजू ढासळत नाहीत. मग तळापासून काँक्रीट ओतलं की राडा वर येतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा पाया १९६७ पासून असाच खणला, हडसन नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून.

मग प्रश्न उलटा झाला. बाहेरचं पाणी बाहेर ठेवता येतं, तर आतलं घाणेरडं पाणी आत का नाही? न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ इथे चोरून रसायनं टाकलेल्या एका वाळूच्या खाणीभोवती १९८२ साली सुमारे २० एकरांना वेढणारी अशी भिंत बांधली. यात काँक्रीट नाही; माती आणि बेंटोनाइट कालवून चरात भरलं. पण खालचा खडकच भेगाळलेला! शेवटी १९८६ पासून आतलं पाणी उपसून शुद्धही करावं लागलं.

भिंत किती घट्ट? चांगल्या भिंतीचा मापदंड सेकंदाला मीटरचा एक अब्जांश. दाबाचा उतार एकास एक धरला, तर दर चौरस मीटरमधून वर्षाला जेमतेम ३१ लिटर. पण पाणी थांबलं तरी विरघळलेला धातू सावकाश पसरत राहतोच. इथे मातीचा दुसरा गुण कामी येतो. तिच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, म्हणून शिसं, कॅडमियम यांचे धन भाराचे आयन तिला चिकटतात. माती नुसती अडवत नाही, पकडतेही.

फक्त क्रोमियम सोडून. राणीपेटचं घातक हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात क्रोमेट होऊन फिरतं आणि क्रोमेटवर ऋण भारच असतो. माती त्याला झिडकारते. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल उत्तम, पण ज्या पॅकेटची भीती तेच नियमात बसत नाही.

उपाय म्हणजे मातीचा भारच उलटा करायचा. केसांच्या कंडिशनरमध्ये सेट्रिमोनियम नावाचा रेणू असतो, हवं तर बाटलीमागचं लेबल वाचा. एक टोक धन, मागे लांब तेलकट शेपटी. पहिला थर मातीच्या पापुद्र्यांना चिकटतो. दुसरा थर शेपटीला शेपटी लावून बसतो आणि त्याची धन टोकं बाहेर येतात. आता क्रोमेट चिकटतं. अशा सेंद्रिय मातीचा शोध १९४० च्या दशकात वंगण आणि रंगांसाठी लागला होता, विषासाठी नाही.

पण फुकट काही नाही. तेलकट झालेली माती पाण्यात फुगत नाही, म्हणजे जिच्यासाठी ती निवडली तो गुणच जातो. म्हणून मला शहाणपणाची वाटते ती जोड-रचना: साध्या बेंटोनाइटच्या भिंतींनी पाणी वळवायचं आणि मधल्या एका झडपेत ही बदललेली माती वाळूत मिसळून ठेवायची. झडपेत लोखंडाचा चुराही चालतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीत १९९६ साली ४६ मीटर लांबीची लोखंडी चुऱ्याची भिंत पुरली. लोखंड क्रोमियमला कमी घातक रूपात बदलून जागीच बसवतं. माती नुसती धरून ठेवते, आणि तिची जागा भरली की भरली. म्हणजे झडप उघडून माती बदलायला कुणीतरी दर काही वर्षांनी यायलाच हवं, कारखाना बंद झाला असला तरी.