उम्रीगर, पहलान रतनजी (पॉली)

(२८ मार्च १९२६ – ७ नोव्हेंबर २००६). भारताचे कसोटी क्रिकेटपटू, उजव्या हाताचे मधल्या फळीतील फलंदाज, उपयुक्त गोलंदाज, चपळ क्षेत्ररक्षक आणि काही काळ कर्णधार. जन्म सोलापूर येथे. १९४८ ते १९६२ या काळात ते ५९ कसोटी सामने खेळले. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३,६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. पुढे सुनील गावसकर यांनी १२५ कसोटी, १०,१२२ धावा आणि ३४ शतकांपर्यंत मजल मारून हे आकडे फार मागे टाकले. तरीही स्वातंत्र्योत्तर पहिल्या दीड दशकातील भारतीय फलंदाजीचे मोजमाप उम्रीगरांच्या आकड्यांवरूनच केले जाते.

जन्म व जडणघडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर होते. उम्रीगरांचे पारशी कुटुंब याच शहरातले. वडिलांचा व्यवसाय कापडाचा. पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला स्थलांतरित झाले.  

धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेत १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पारशी संघाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण घेताना त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत त्याच संघाविरुद्ध कसोटी पदार्पण केले.

एकूण आकडेवारी

| तपशील | कसोटी | प्रथम श्रेणी (कसोटींसह) |
|---|---|---|
| सामने | ५९ | २४३ |
| डाव | ९४ | ३५० |
| नाबाद | ८ | ४१ |
| धावा | ३,६३१ | १६,१५५ |
| सर्वोच्च | २२३ | २५२* |
| सरासरी | ४२.२२ | ५२.२८ |
| शतके | १२ | ४९ |
| बळी | ३५ | ३२५ |
| गोलंदाजीची सरासरी | ४२.०८ | २५.६८ |
| सर्वोत्तम गोलंदाजी | ६/७४ | ७/३२ |
| झेल | ३३ | २१७ |

(* नाबाद)

क्रिकेटमध्ये फलंदाजीची सरासरी काढताना एकूण धावांना डावांनी नव्हे, तर बाद झालेल्या वेळांनी भागतात. कसोटीत उम्रीगर ९४ डावांपैकी ८६ वेळा बाद झाले, म्हणून ३,६३१ भागिले ८६ असा हिशेब होतो. प्रथम श्रेणीच्या रकान्यात कसोटी सामनेही धरलेले असल्यामुळे दोन्ही रकाने एकमेकांपासून वेगळे करून पाहावे लागतात. कसोटी वगळल्या तर उरलेल्या १८४ सामन्यांत त्यांच्या १२,५२४ धावा होतात आणि सरासरी ५६.१६ पर्यंत चढते. देशांतर्गत व दौऱ्यांवरील सामने आणि कसोटी यांतले अंतर त्यामुळे जवळजवळ १४ धावांचे ठरते.

कसोटी शतके

| धावा | प्रतिस्पर्धी | स्थळ | वर्ष | निकाल |
|---|---|---|---|---|
| १३०* | इंग्लंड | मद्रास | १९५२ | विजय |
| १०२ | पाकिस्तान | मुंबई | १९५२ | विजय |
| १३० | वेस्ट इंडिज | पोर्ट ऑफ स्पेन | १९५३ | अनिर्णित |
| ११७ | वेस्ट इंडिज | किंग्स्टन | १९५३ | अनिर्णित |
| १०८ | पाकिस्तान | पेशावर | १९५५ | अनिर्णित |
| २२३ | न्यूझीलंड | हैदराबाद | १९५५ | अनिर्णित |
| ११८ | इंग्लंड | मँचेस्टर | १९५९ | पराभव |
| ११५ | पाकिस्तान | कानपूर | १९६० | अनिर्णित |
| ११७ | पाकिस्तान | मद्रास | १९६१ | अनिर्णित |
| ११२ | पाकिस्तान | दिल्ली | १९६१ | अनिर्णित |
| १४७* | इंग्लंड | कानपूर | १९६१ | अनिर्णित |
| १७२* | वेस्ट इंडिज | पोर्ट ऑफ स्पेन | १९६२ | पराभव |

बारापैकी पाच शतके पाकिस्तानविरुद्ध, प्रत्येकी तीन इंग्लंड व वेस्ट इंडिजविरुद्ध आणि एक न्यूझीलंडविरुद्ध आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. सात शतके मायदेशात, पाच परदेशात झाली. बारापैकी आठ सामने अनिर्णित राहिले, यात त्या काळाचे चित्र दिसते. १९५४-५५ आणि १९६०-६१ या भारत-पाकिस्तान मालिकांतील दहाही कसोटी अनिर्णित सुटल्या होत्या.

शतकांच्या बारा डावांत मिळून १,५९१ धावा होतात, म्हणजे कारकिर्दीतील कसोटी धावांपैकी सुमारे ४४ टक्के. उरलेल्या ८२ डावांतील सरासरी २६.४९ भरते. पन्नाशी ओलांडल्याचे २६ प्रसंग असून त्यांतील १२ वेळा त्यांनी शतक गाठले. जम बसला की मोठी खेळी आणि नाही बसला तर लवकर परत, असा या फलंदाजीचा पिंड होता.

कारकिर्दीचे टप्पे

*मद्रास, १९५२.* ६ ते १० फेब्रुवारी दरम्यान खेळलेली ही कसोटी भारताने एक डाव आणि ८ धावांनी जिंकली. हा भारताचा पहिलाच कसोटी विजय. विनू मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, तर सातव्या क्रमांकावर आलेल्या उम्रीगरांनी नाबाद १३० धावा केल्या. हे त्यांचे पहिले कसोटी शतक.

*इंग्लंड, १९५२.* त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत पडता काळ आला. चार कसोटींच्या सात डावांत त्यांना अवघ्या ४३ धावा करता आल्या (सरासरी ६.१४). फ्रेड ट्रूमन यांच्या वेगापुढे भारताची सगळीच फळी कोलमडली. त्या मालिकेत ट्रूमन यांनी २९ बळी घेतले. गंमत अशी की त्याच दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत उम्रीगरांनी तीन द्विशतकांसह १,६८८ धावा केल्या होत्या. वेगवान गोलंदाजीपुढे ते कचरतात, हा शिक्का मात्र कसोटींतील आकड्यांवरून बसला. हे सात डाव वगळले तर त्यांची कसोटी सरासरी ४५.४२ होते, म्हणजे एका मालिकेने ती तीन धावांहून अधिक खाली ओढली.

*वेस्ट इंडिज, १९५३.* पुढच्याच दौऱ्यात पाच कसोटींत दोन शतकांसह ५६० धावा (सरासरी ६२.२२). उंचपुऱ्या बांध्याचा हा फलंदाज चेंडू उंचावरून सीमेपार धाडत असे, म्हणून त्यांना ‘पाम ट्री हिटर’ हे टोपणनाव मिळाले.

*हैदराबाद, १९५५.* न्यूझीलंडविरुद्ध फतेह मैदानावर (आताचे लालबहादूर शास्त्री स्टेडियम) केलेल्या २२३ धावा हे भारतीय फलंदाजाचे पहिले कसोटी द्विशतक. विजय मांजरेकर यांच्यासह त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २३८ धावा जोडल्या. त्याआधीची सर्वोच्च भारतीय खेळी मांकड यांची लॉर्ड्सवरील १८४ (१९५२) ही होती. उम्रीगरांचा विक्रम फार टिकला नाही. त्याच मालिकेत मांकड यांनी मुंबईत नेमक्या २२३ धावा करून त्याची बरोबरी केली आणि जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला २३१ धावा करून तो मोडला. हा आकडा मग गावसकरांच्या नाबाद २३६ पर्यंत, म्हणजे १९८३ पर्यंत टिकला.

*मँचेस्टर, १९५९.* १९५२ मध्ये ज्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा गारद झाला होता, त्याच मैदानावर उम्रीगरांनी ११८ धावा केल्या. पाचही कसोटी गमावलेल्या या दौऱ्यात त्यांच्या प्रथम श्रेणीतील धावा १,८२६ झाल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्धची नाबाद २५२ ही त्यांची सर्वोच्च खेळी याच दौऱ्यातली.

*पोर्ट ऑफ स्पेन, १९६२.* मार्चमध्ये बार्बाडोस येथील सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला गंभीर इजा झाली. त्यांना रक्त देणाऱ्यांत उम्रीगर होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या चौथ्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ५६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजच्या डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. फॉलो-ऑननंतर भारताच्या ४२२ धावांपैकी नाबाद १७२ त्यांच्या एकट्याच्या होत्या. सलीम दुराणी यांनीही या डावात १०४ धावा केल्या. भारत सामना ७ गड्यांनी हरला, पण एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी अशी कामगिरी करणारे उम्रीगर हे मांकड (लॉर्ड्स, १९५२) यांच्यानंतरचे दुसरेच भारतीय ठरले. तिसऱ्यासाठी २०११ साल उजाडले. ते रविचंद्रन अश्विन. पुढची किंग्स्टनची कसोटी उम्रीगरांची शेवटची.

गोलंदाजी

मध्यमगती कटर आणि ऑफब्रेक अशा दोन्ही पद्धतींनी ते गोलंदाजी करीत. सर्वोत्तम कामगिरी बहावलपूर येथे पाकिस्तानविरुद्ध (१९५५) ७४ धावांत ६ बळी. डावात पाच बळी त्यांनी कसोटीत दोनदा घेतले. ४२.०८ ही सरासरी साधारण वाटते, पण डिसेंबर १९५९ मधील कानपूर कसोटीत तिच्यामागचे मोल दिसते. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १०५ धावांत संपला, तेव्हा जसू पटेल यांच्या ५ बळींबरोबर उम्रीगरांनी २७ धावांत ४ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळवला.

क्षेत्ररक्षण

कसोटीत ५९ सामन्यांत ३३ झेल; कसोटी वगळून १८४ प्रथम श्रेणी सामन्यांत १८४ झेल, म्हणजे सामन्यागणिक बरोबर एक.

क्षेत्ररक्षणाच्या बाबतीत क्रिकेटची नोंदवही तोकडी पडते. पूर्ण झालेला झेल झेलणाऱ्याच्या नावावर चढतो. सुटलेला झेल, अडवलेल्या धावा, धावबादसाठी केलेली फेक यांना उम्रीगरांच्या काळच्या धावफलकात स्थान नव्हते. बेसबॉलची पद्धत याहून वेगळी आहे. तेथे क्षेत्ररक्षकाने प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यात घेतलेला प्रत्येक भाग आणि केलेली प्रत्येक चूक लिहिली जाते, आणि यशस्वी कृतींना एकूण संधींनी भागून क्षेत्ररक्षणाची सरासरी काढतात. फलंदाजीची सरासरीही तेथे धावांची नसते. यशस्वी फटक्यांना फलंदाजीच्या अधिकृत संधींनी भागतात. म्हणून बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांची १९४१ मधील ०.४०६ ही सरासरी उम्रीगरांच्या ४२.२२ या कसोटी सरासरीशेजारी ठेवता येत नाही. दोन्ही खेळांच्या हिशेबांची मुळे मात्र जवळजवळची आहेत. बेसबॉलच्या धावफलकाला आकार देणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि क्रिकेटचे वार्तांकन केलेले पत्रकार होते.

कर्णधारपद

१९५५ ते १९५८ दरम्यान आठ कसोटींत नेतृत्व: दोन विजय, दोन पराभव, चार अनिर्णित. दोन्ही विजय १९५५-५६ च्या मालिकेत न्यूझीलंडविरुद्ध मुंबई व मद्रास येथे मिळाले. मद्रासला मांकड व पंकज रॉय यांनी ४१३ धावांची सलामी दिली. कर्णधार असताना उम्रीगरांचे एकही कसोटी शतक झाले नाही. हैदराबादच्या द्विशतकाच्या वेळी नेतृत्व गुलाम अहमद यांच्याकडे होते. वेस्ट इंडिजविरुद्धच्या १९५८-५९ च्या मालिकेत, मद्रास कसोटीच्या आदल्या दिवशी, संघनिवडीत क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांनी हस्तक्षेप केल्याने त्यांनी कर्णधारपद सोडले. फलंदाज म्हणून ते पुढे तीन वर्षांहून अधिक काळ खेळले आणि बारापैकी सहा शतके त्यांनी या राजीनाम्यानंतर केली.

निवृत्तीनंतर व सन्मान

१९६२ मध्ये पद्मश्री. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय संघाचे व्यवस्थापक आणि १९७८ ते १९८२ राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष. मुंबई क्रिकेट संघटना आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या कारभारात त्यांनी पदे सांभाळली, वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभाल केली आणि क्रिकेट प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले. १९९८-९९ साठी त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मुंबईत त्यांचे निधन झाले.

वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूसाठीचा पॉली उम्रीगर पुरस्कार मंडळाने २००६-०७ च्या हंगामापासून सुरू केला. पहिले मानकरी सचिन तेंडुलकर.